मधमाशीचा तीनताल

गेल्या नाताळात माझी धाकटी बहीण मुलाला घेऊन लेस्टरहून दोन आठवड्यांसाठी माहेरी आली. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात विलायतेच्या पाहुण्याच्या सामानातून काय काय निघणार हे आता आम्हांला पाठ झाले आहे. या खेपेस मात्र भाच्याने पिशवीतून एक मधमाशी काढली. दोन्ही तळहातांवर मावेल एवढी, पिवळीकाळी, प्लास्टिकची. पोटाखाली चाके आणि पाठीवर सात बटणे. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशी चार. एक 'जा' म्हणायचे, एक थांबायचे आणि एक सारे विसरून जायचे. बहीण तिकडे प्राथमिक शाळेत मदतनीस आहे. शाळेने मोडीत काढलेली ही माशी तिने मुलासाठी मागून घेतली होती.

"मामा, हिला काही येत नाही. आपण शिकवायचं," भाचा म्हणाला, आणि त्याने ती माझ्या शिकवणीच्या खोलीत, तंबोऱ्याच्या भोपळ्याशेजारी जमिनीवर सोडली.

या माशीचे नाव बी-बॉट. बटण एकदा दाबले की ती बरोबर पंधरा सेंटिमीटर पुढे जाते. वळायला सांगितले तर जागच्या जागी काटकोनात वळते. आधी सगळे हुकूम ओळीने भरायचे आणि मग 'जा' म्हणायचे. एकदा निघाली की ती वाटेत कोणाचे ऐकत नाही. इंग्लंडात 2014 सालापासून पाचव्या वर्षाच्या मुलांनाही संगणकाचे पाठ द्यावेत असे ठरले, आणि तेव्हापासून तिकडच्या बालवर्गांत या माश्या फार दिसू लागल्या असे बहीण सांगत होती. पडदा नाही, अक्षरे नाहीत. मूल जमिनीवर पालथे पडून माशीला बिछान्याखालून चपलेपर्यंत नेण्याचा मार्ग आखते. पहिल्यांदा ती भिंतीवर आपटते, दुसऱ्यांदा कपाटावर.

मला हसू आले ते विसरण्याच्या बटणाचे. ते दाबायचे राहून गेले तर माशी आधीच्या मुलाने भरलेले सगळे हुकूम पुरे करते आणि मगच नव्या मुलाचे ऐकते. दुसऱ्या गुरुजींकडून आलेला विद्यार्थी कसा असतो हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना यावर अधिक सांगायला नको.

यांत्रिक जनावर ही गोष्ट काही आजची नव्हे. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ 1799 साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत इंग्रजांच्या हाती लागला आणि आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याच्या पोटात अठरा पट्ट्यांचा लहानसा ऑर्गन बसवलेला आहे, हे ऐकून कुठल्याही पेटीवाल्याचे कान टवकारतील. पण तो वाघ पाहायचा, दाखवायचा आणि शत्रूला वाकुल्या दाखवायचा. त्याच्याकडून कोणी काही शिकावे असा त्याचा हेतूच नव्हता. शिकण्याशी नाते जुळले ते फार पुढे, आणि त्याचा मान वाघाकडे न जाता कासवाकडे गेला.

इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरी ग्रे वॉल्टर नावाचे एक मेंदूशास्त्रज्ञ होते. 1948-49 साली त्यांनी दोन यांत्रिक कासवे तयार केली आणि त्यांची नावे ठेवली एल्मर आणि एल्सी. तीन चाके, प्रकाश टिपणारा एक डोळा, रेडिओत असत तसल्या अवघ्या दोन झडपा आणि धक्का लागला की कळवणारी पाठीची ढाल. एवढ्या भांडवलावर ही कासवे दिव्याच्या शोधात खोलीभर हिंडत, अडथळा आला की बगल देत, आणि बॅटरी उतरू लागली की आपल्या घरट्यात परतत. 1951 सालच्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'च्या प्रदर्शनात लोकांनी अशी कासवे पाहिली. पुढे वॉल्टरांनी यंत्राला शिटी ऐकायला शिकवले. शिटी वाजवायची आणि लगेच दिवा दाखवायचा, असे पुष्कळदा केले की नुसत्या शिटीवरही ते दिवा दिसल्यासारखे वागू लागे. आमच्या भाषेत सांगायचे तर त्याला इशारा कळू लागला.

या कासवाला वर्गात आणले सेमूर पॅपर्ट यांनी. हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणिती. जिनीव्हात ज्याँ पियाजे यांच्याजवळ पाच वर्षे राहून मूल विचार कसे करते याचा त्यांनी अभ्यास केला आणि मग अमेरिकेत एमआयटी या संस्थेत गेले. वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन प्रभृती सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 1967 साली मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा रचली. नंतर दोनतीन वर्षांतच त्या भाषेने चालणारे एक कासव जमिनीवर आले. घुमटासारखी पाठ, मध्यभागी लेखणी. मुलाने शंभर पावले पुढे जा म्हटले की कासव जाई, नव्वद अंश वळ म्हटले की वळे, आणि मागे कागदावर रेघ उमटे.

आता यात शिकवणे कुठे आले? पॅपर्टांचे म्हणणे असे की, मूल कासवाला शिकवते आणि शिकवता शिकवता स्वतः शिकते. चौकोन कसा काढायचा ते कासवाला सांगता येईना, तर मुलाने उठावे आणि स्वतः कासव होऊन खोलीत चौकोन चालून पाहावा. पायांना जे ठाऊक असते ते मग शब्दांत येते. त्रिकोण काढताना बहुतेक मुले साठ अंश वळायला सांगतात, कारण पुस्तकात त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा असतो. आणि कासव भलतीकडेच निघून जाते. चालून पाहिले की कळते की वळायचे असते एकशेवीस. आणि हे असे भलतीकडे जाणे लाजिरवाणे नाही, त्याबद्दल कोणी रागवत नाही. हुकमांच्या यादीत कुठेतरी किडा शिरला आहे, तो शोधून काढायचा, एवढेच. 1980 साली 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात त्यांनी हे सारे विस्ताराने मांडले. 2016 साली ते वारले.

मला त्यांच्या लिखाणातली एक गोष्ट फार आवडली. कासव कुठल्याही वेड्यावाकड्या वाटेने गेले, पण आपलीच रेघ न ओलांडता निघाल्या जागी, निघाल्या दिशेला तोंड करून परतले, तर त्याचे एकूण वळणे तीनशे साठ अंशच भरते. तीन वळणे घेवोत की तेरा. आवर्तन म्हणजे याहून निराळे काय असते?

दैवाची थट्टा अशी की हे कासव मी लहानपणी भेटलो होतो आणि मला ते ओळखू आले नव्हते. नव्वदीच्या दशकात आमच्या शाळेत संगणक आले तेव्हा 'लोगो'ही आली. कासव म्हणजे पडद्यावरचा एक त्रिकोण. सहा मुलांत एक यंत्र, त्यामुळे हुकूम वहीत उतरवून घ्यायचे आणि परीक्षेत लिहायचे. कासवाला स्वतः शिकवण्याऐवजी कासवाचे हुकूम आम्ही पोपटासारखे पाठ केले. बडोद्यात पोपटाचे नाव काढावे तर जुन्या मंडळींना सयाजीराव महाराजांचे शिकवलेले पोपट आठवतील. चांदीची छोटी सायकल चालवणारे आणि चिमुकली तोफ डागणारे. आमची तोफही तशीच दर सहामाहीस सुटे.

आता थोडे घरचे सांगितले पाहिजे. आमचे अप्पा दरबारचे पखवाजिये. म्हणजे 1949 साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, आणि कलावंत कारखान्यात चुलत्यांच्या मागे बसून त्यांनी उणीपुरी दोन वर्षे काढली होती. पण पुढे साठ वर्षे ते 'दरबारातले' म्हणूनच राहिले, आणि आम्हीही त्यांना तसेच राहू दिले. त्यांची शिकवण्याची रीत एका शब्दाची होती. 'पुन्हा.' बोल चुकला की पुन्हा. काय चुकले, कुठे चुकले हे ते सांगत नसत. तू शोध, असेही म्हणत नसत. नुसते पुन्हा. मी ओसरीवर बसून एकच परण दुपारभर वाजवलेली आहे, आणि कधीतरी दिवेलागणीला अप्पांनी मान हलवली की समजायचे, बसली. कशी बसली ते मला आजही सांगता यायचे नाही.

या रीतीची थट्टा करणे सोपे आहे आणि मला ती करायची नाही. हाताला जे कळते ते डोक्याला विचारून कळत नाही, हे तिचे मर्म होते, आणि त्या रीतीने मोठमोठे वादक तयार झालेले आपण ऐकले आहेत. पण ज्यांचे कधीच बसले नाही, जे ओसरीवरून उठून गेले, त्यांची मोजदाद कुठल्याही घराण्याने ठेवलेली नाही. याच बडोद्यात 1886 साली मौलाबक्षांनी महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा काढली, वर्ग भरवून आणि स्वर लिहून गाणे शिकवू लागले, ते काही अंशी त्या उठून गेलेल्यांसाठीच असावे असे मला वाटते.

माझ्या शिकवणीतूनही एक मुलगी अशीच उठून गेली. नऊ वर्षांची, भाऊ तबला शिके म्हणून आलेली. बोट हलके, बोल स्वच्छ. पण तीनतालाचा ठेका धरला की दर आवर्तनात ती मागे पडे आणि सम हातची जाई. सहा महिने मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. शेवटी गेल्या दिवाळीआधी तिच्या आईला मी सांगितले, "वहिनी, हिला लय नाही. चित्रकलेला घाला." मुलगी दाराशी उभी होती. तिने चपला घातल्या आणि ती निघून गेली.

मधमाशी आल्याची बातमी मुलांत पसरायला एक दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी वर्गाच्या वेळी खोलीत बारा मुले, आणि त्यांत भावाचा हात धरून तीही. शिकायला नव्हे, माशी पाहायला. मी काही बोललो नाही. तिनेही माझ्याकडे पाहिले नाही.

माशीकडून चौकोन चालवून घ्यावा असे मोठ्या मुलांपैकी एकाच्या मनात आले. चार पावले, वळण, पुन्हा चार पावले, वळण. सोळा पावलांत ती निघाल्या जागी येते हे पाहताच दोनतीन मुले एकदमच ओरडली, "सर, तीनताल!" झाले. खडूने जमिनीवर चौकोन आखला. या कोपऱ्यावर सम, त्यावर पाचवी मात्रा, पलीकडे खाली, मग तेरावी. मुले टाळ्या देत ठेका म्हणू लागली आणि भाच्याने 'जा' म्हटले.

पहिला विभाग ठीक गेला. पाचव्या मात्रेवर टाळी पडली तेव्हा माशी कोपऱ्यावर जागच्या जागी वळत होती. मुले पुढे गेली, माशी मागे राहिली. खालीला अंतर वाढले. मुलांची सम झाली तेव्हा माशी अजून शेवटच्या बाजूवर चालत होती. वळायला तिला साधारण एका पावलाएवढा वेळ लागतो, म्हणजे आवर्तनाला चार मात्रा जास्त. "वीस मात्रांचा तीनताल!" कोणीतरी म्हणाले आणि सगळी हसली.

ती हसली नाही. पालथी पडून ती कोपऱ्याकडे पाहत होती. "सर," ती म्हणाली, तिकडेच पाहत, "ही माझ्यासारखंच करते."

मी तिला ठेका म्हणायला सांगितला. प्रथम नाही म्हणाली, मग म्हणाली. सहा महिन्यांत जे मी ऐकले नव्हते ते त्या वेळी मला लख्ख ऐकू आले. चार मात्रांच्या आत तिची लय बांधलेली होती, कुठे रेसभर हालत नव्हती. दर विभागाच्या शेवटी ती एक श्वास घेत होती.

"इथे का थांबतेस?"

"इथे वाक्य संपतं ना," ती म्हणाली.

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते मला नंतर मिळाले, तेही पॅपर्टांच्याच मंडळींत. जीन बॅम्बर्गर या पियानोवादक बाई एमआयटीत त्यांच्याबरोबर काम करीत. 'लोगो'चा हात धरून मुलांना संगीत कसे शिकवावे याचा त्यांनी पुष्कळ विचार केला. मुलांना टाळ्यांची एक साधी रचना ऐकवायची आणि ती कागदावर काढायला सांगायची, असा त्यांचा एक प्रयोग होता. काही मुले प्रत्येक टाळीची लांबी मोजून काढत. काही मुले टाळ्यांचे पुंजके काढत. या इकडच्या एकत्र, त्या तिकडच्या एकत्र, बोलण्यात वाक्ये असतात तशा. मोजणाऱ्या मुलांना शहाणी आणि पुंजकेवाल्यांना कच्ची ठरवण्याचा मास्तरांचा जो स्वभाव असतो, त्याला बाईंनी ठामपणे विरोध केला. दोघेही खरेच ऐकत आहेत, म्हणाल्या. गाणारा-वाजवणारा मनुष्य दोन्ही प्रकारे ऐकतो, आणि गरजेप्रमाणे इकडून तिकडे जातो. 1991 सालच्या 'द माइंड बिहाइंड द म्युझिकल इअर' या पुस्तकात हे आहे. जिला मी लय नाही म्हणून घालवले तिला वाक्य ऐकू येत होते, आणि वाक्य ऐकू येणे ही माझ्या निम्म्या वर्गाला अजून न साधलेली गोष्ट आहे.

पण हे नंतरचे. त्या दिवशी काय करावे ते मुलांनीच ठरवले. वळणेच नकोत म्हणून माशीला सरळ चालवायचे ठरले. सोळा पावले म्हणजे दोन मीटर चाळीस; खोलीत मावेना म्हणून ओसरीवर नेली. माशी सरळ गेली आणि ठेका बरोबर बसला. मात्र सम कुठे आली तर उंबरठ्यापाशी, निघाल्या जागेपासून दूर. "मग ते आवर्तन कसलं?" मोठा मुलगा म्हणाला, आणि ते खरे होते.

तेव्हा ती मुलगी खोलीत परतली आणि खडूच्या चौकोनावर स्वतः चालू लागली. मोठी पावले, तोंडाने ठेका. पहिल्या कोपऱ्यावर थांबली, वळली, मग निघाली: माशीसारखीच. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीत पाचवे पाऊल टाकता टाकताच तिने अंग वळवले. "चालता चालता वळायचं," ती आपल्याशीच म्हणाली. "हिला ते येत नाही. मला येतं." मग तिने न थांबता चार आवर्तने घातली आणि चारही वेळा सम त्या कोपऱ्यावर आली. वाक्य संपत होते ते तिच्या मानेच्या झोकात दिसत होते. पण लय चालू होती.

मी तिला शिकवले नाही, हे इथे लिहून ठेवतो. माशीनेही शिकवले नाही. तिला कान नाहीत आणि लयीशी तिचे देणेघेणे नाही. मुलीला तिची चूक बाहेर, जमिनीवर, दुसऱ्या कोणाच्या तरी अंगात दिसली. 'जा'चे बटण कितीही वेळा दाबले तरी माशी तेच, तसेच करते. काही वेगळे व्हायचे असेल तर आत काय भरले आहे ते पाहावे लागते. माझ्या 'पुन्हा'त ते पाहणे नव्हते. अप्पांच्या 'पुन्हा'त होते की नाही, ते विचारायला आता ते नाहीत.

कोणी असे समजू नये की मुलगी एका दुपारीत वादक झाली. दुगुनीत ती अजून घसरते, आणि तबल्यावर बसली की पायांना जे उमजले ते हातापर्यंत यायला वेळ लागतो. आणि असली यंत्रे आणून वर्ग भरावेत असेही माझे म्हणणे नाही. परवा एका परिचितांनी जपानी यांत्रिक कुत्र्याची जाहिरात दाखवली, मुलांना फार उपयोगी म्हणे. 1999 साली तो आयबो पहिल्यांदा निघाला तेव्हा त्याचे कौतुक मीही वाचले होते. तो आपणहून शेपूट हलवतो, लाडात येतो. सोबतीला चांगला असेल. पण माझ्या कामाला आमची मठ्ठ माशी बरी. तिला काहीच येत नाही, म्हणूनच नऊ वर्षांच्या मुलाला तिचे गुरुजी होता येते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाचा माशी बांधू लागला तेव्हा मुलीने ती अर्धा तास मागून घेतली. तिला झपताल पाहायचा होता. दोन पावले, वळण, तीन, वळण, दोन, वळण, तीन. माशी आखूड-लांब चौकोन चालून बरोबर घरी आली. दहा मात्रांचे हे चित्र माझ्या डोक्यात चाळीस वर्षांत आले नव्हते. मग तिने रूपक भरला: तीन, दोन, दोन. माशी तिसऱ्या बाजूनंतर थांबली ती समेपासून लांबच.

"सर, रूपकाची घरी येत नाही."

"काटकोनात वळते म्हणून," मी म्हणालो. "वेगळं वळता आलं असतं तर आली असती."

"किती वळायला हवं?"

मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी माशी विमानाने गेली. वर्गाच्या वेळी मी खोलीत आलो तर मुलीने सुतळीला सात गाठी मारल्या होत्या आणि भावाला एक टोक धरायला लावून ती जमिनीवर तीन-दोन-दोनचा त्रिकोण ताणून पाहत होती. खडू तिच्या हातात होता, आणि रूपकाची सम खालीवर येते तर पहिल्या कोपऱ्यावर टाळीची फुली मारायची की पोकळ वर्तुळ काढायचे, यावर दोघांचे भांडण चालले होते.